पळते झकास, सिग्नलला मरते

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची निघाली. दुचाकी हायवेला मस्त पळते, पण रेस सोडली की बंद पडते, स्लो (रेस सोडल्यावर इंजिन फिरतं तो वेग) खालीवर होतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मिस मारते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य सेम आहे, "मेस्त्रीने स्लो वाढवून दिला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच." म्हणून टायर, इन्शुरन्स, सीट कव्हर वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, त्या मंडळींनी रागावू नये.

सुरुवातीलाच एक सांगतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. रेस सोडलेली असते तेव्हा इंजिनला कार्बमधून (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) हवा आणि पेट्रोल दोन्ही अगदी बारीक वाटेने मिळतं. मोठी वाट म्हणजे मेन जेट, तो रेस वाढवली की कामाला लागतो. त्यामुळे "८० ला एकदम स्मूथ आहे, म्हणजे कार्ब चांगला आहे" हे लॉजिक चालत नाही. थोडा कचरा, थोडी हवेची गळती, थोडं कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) हे सगळं ८० ला झाकलं जातं आणि सिग्नलला उघडं पडतं. स्लोचा स्क्रू आवळला की गाडी थोड्या रेसवरच उभी राहते, बस, दोष तसाच खाली पडून राहतो.

प्रश्न: सर, मी मुंबईला असतो, गावी राजापूर तालुक्यात जुनी स्प्लेंडर ठेवलीये. गणपतीला गेलो की बाहेर काढतो, मग एकदम शिमग्याला. दर वेळी तोच तमाशा, किका मारून मारून पाय दुखतो, मग चोकवर चालू होते आणि चोक काढला की बंद. चोकवरच ठेवून बाजारात गेलो तर जाते पण उतारावर रेस सोडली की मेली. गावातल्या मेस्त्रीने प्लग बदलला, स्लो वाढवला. आता कार्ब नवीन टाका म्हणतोय. टाकू का? (एक चाकरमानी, परळ)

उत्तर: नका टाकू, निदान लगेच तरी नको. चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, यातच सगळं आलं. चोक हवा अडवतो म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणजे तुमच्या इंजिनला स्लोवर पेट्रोल कमी पडतंय. म्हणजेच स्लो जेट चोंदलाय. गणपती ते शिमगा सहा महिने होतात, तेवढ्यात कार्बच्या तळाच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट पिवळा थर राहतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २०२३ पासून २० टक्केवालं पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याची काय कमी! कधीकधी वाटी उघडली की तळाला पांढरी पावडर दिसते, ती कार्बच्याच गंजलेल्या धातूची.

काम असं करायचं. आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्या, पेट्रोलचा खमंग वास न येता रंगाच्या दुकानासारखा वास आला तर ते पेट्रोल बाहेर, त्यावर काही करण्यात अर्थ नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून काय येतं ते पांढऱ्या भांड्यात धरून बघा, पाण्याचे थेंब असतील तर तळाला वेगळे दिसतात. मग कार्ब काढा. वाटीचे स्क्रू बरोबर बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच सोडा, घसरला की डोकं गेलंच आणि मग छिन्नी-हातोडीचं काम होतं. आत पितळेचे दोन जेट दिसतील, मोठा मेन आणि बाजूचा बारीक तो स्लो. स्लो जेट काढून उजेडाकडे धरा. भोक केसाएवढं असतं, पण उघडं असेल तर त्यातून उजेडाचा टिपका स्पष्ट दिसतो. दिसला नाही तर तुमचा चोर सापडला.

त्यात स्टीलची तार किंवा टाचणी घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक जरासं जरी मोठं झालं तरी जेटचा नंबर बदलला असं समजा, मग गाडी आयुष्यभर काळा धूर मारणार आणि ॲव्हरेज जाणार. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारा, अर्धा तास मुरू द्या, मग पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारा. डोळ्यावर चष्मा ठेवा, तो स्प्रे उलटा उडतो आणि डोळ्यात गेला की तारे दिसतात. काही कार्बमध्ये स्लो जेट ठोकून बसवलेला असतो, तो निघत नाही, तिथे पक्कड लावून ओढाताण करू नका, जागेवरच स्प्रे आणि हवा. आणि जेट साफ झाला म्हणून काम झालं असं नाही. त्याच्या घरात स्प्रे मारा आणि बघा की तो कार्बच्या गळ्यातल्या बारीक भोकातून आणि मिक्श्चर स्क्रूच्या (हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा बारीक स्क्रू) भोकातून बाहेर येतोय का. दोन्हीकडून आला तरच वाट मोकळी आहे. इथेच बहुतेक मेस्त्री घाई करतात, जेट फुंकतात, वाटी पुसतात आणि बंद करून देतात.

पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून गाडी चालू ठेवा, ती आपोआप मरेल, मग ड्रेन स्क्रूने उरलेलं काढा. टाकी मात्र अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेत ओलावा साचून पत्रा आतून गंजतो आणि तो गंज परत कार्बमध्येच येतो. कोणी चुलतभाऊ गावात असेल तर त्याला महिन्यातून एकदा गाडी फिरवायला सांगा, तो नाही म्हणणार नाही.

प्रश्न: भाऊ, माही १२५ ची गाडी हाये, सकाळी एकदम चांगली चालते. दुपारी बजारातून निघालो की सिग्नलवर बंद पडते अन् मंग किक मारून मारून जीव जाते. पंधरा-वीस मिनिट सावलीत उभी केली की पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणते रिंग गेली, इंजिन काम काढा लागते. (अकोल्याहून एक वाचक)

उत्तर: इंजिन काम थांबवा भाऊ. रिंग (पिस्टनवरची कडी) गेलेली गाडी सकाळी थंडीतच जास्त नाटकं करते आणि मागे निळा धूर सोडते, तुम्ही धुराचं नावही काढलं नाही. गरम झाल्यावरच मरते म्हणजे माझा संशय तिघांवर आहे.

पहिला आणि सगळ्यात सोपा, टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक. बंद पडली की लगेच झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकण साफ करा, खर्च शून्य.

दुसरा, ठिणगीची कॉइल किंवा पल्सर (बाइक नव्हे, ठिणगी कधी पाडायची तो इशारा देणारी मॅग्नेटजवळची छोटी कॉइल). गरम झाला की आतली वायर तुटक होते, थंड झाली की परत जोडली जाते. डिकीत एक जादा प्लग ठेवा. गाडी मेली की जुना प्लग जागेवरच राहू द्या, फक्त कॅप काढून जादा प्लगला लावा, प्लगचा पत्रा इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको हे सांगायला नकोच. ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर परत आली, तर इलेक्ट्रिकचं काम आहे, इंजिनला हातही लावू नका.

तिसरा टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह दाबणारा भाग आणि वॉल्व्ह यांच्यातला गॅप, आणि माझा कौल यालाच आहे. आपल्याकडे कस्टमर गेला की पहिली तक्रार काय, "डोक्यातून टिकटिक आवाज येतोय". मग मेकॅनिक बिचारा आवाज घालवायला टॅपेट आवळतो, गाडी शांत होते, कस्टमर खूश. पण वॉल्व्ह गरम झाला की लांबतो आणि गॅपच ठेवला नसेल तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. रेसवर ते कळत नाही, स्लोवर गाडी मरते आणि गरम इंजिन किकला पकडत नाही. तुमची लक्षणं अक्षरशः हीच आहेत. असंच चालवत राहिलात तर एग्झॉस्ट वॉल्व्ह जळतो आणि मग खरंच इंजिन काम निघतं. टॅपेट सेट करताना इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे, पिस्टन कॉम्प्रेशनला वर, मॅग्नेटवरची टी खूण जुळलेली, आणि गॅप फिलर गेजने (मोजक्या जाडीच्या पट्ट्या). अंदाजाने, बोटाने हलवून नाही. आपल्या कम्यूटर गाड्यांत हा गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, इनटेक आणि एग्झॉस्टचा वेगळा असू शकतो, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून मेकॅनिकला सांगा. थोडी टिकटिक आली तर येऊ द्या, ती टिकटिक तब्येत चांगली असल्याची आहे.

प्रश्न: माझी ९४ ची आरएक्स १०० आहे, वडिलांची. रेस दिली आणि सोडली की आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतो आणि मग हळूहळू उतरतो. कधी स्लो ठेवते, कधी नाही. हवेचा स्क्रू फिरवून दमलो. लोकल कार्ब टाकून बघितला, तरी तेच. मेस्त्री म्हणतो टू स्ट्रोक असंच असतंय. (कोल्हापूर)

उत्तर: थोडंसं असतंय हे खरं, टू स्ट्रोक स्लोवर एका तालात वाजत नाही, अधूनमधून ठोका चुकवते, ते नॉर्मल. पण रेस सोडल्यावर लटकणं नॉर्मल नाही आणि दोन कार्बवर तेच लक्षण म्हणजे दोष कार्बच्या पुढे आहे. कुठून तरी चोरटी हवा आत येतीये. आणि टू स्ट्रोकमध्ये ही गंमतीची गोष्ट नाही हां, हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे त्याबरोबर थंडावाही कमी, आणि मग भर उचगावच्या पुलावर पिस्टन जाम. त्यामुळे हे सापडेपर्यंत गाडी खेचू नका.

आधी एक दहा सेकंदाची टेस्ट. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम वाढला तर केबल कुठेतरी आखडतीये, टाकीखालून नीट फिरवून घ्या, बाकी काही शोधायची गरज नाही. त्यात काही फरक नाही पडला तर पुढे.

कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी जॉइंट बघा. वरून धडधाकट दिसतो, पण काढून बोटांत पिळला की भेगा उघडतात. तीस वर्षांचं रबर आहे ते, त्याने अजून किती करायचं! काढायच्या आधी खात्री करायची असेल तर साबणाचं पाणी सिरिंजमध्ये भरून गाडी स्लोवर असताना जॉइंटच्या कडेने थेंब थेंब सोडा. ज्या जागी आवाज बदलला ती जागा. काही लोक हे पेट्रोल शिंपडून करतात, गरम सायलेन्सरच्या शेजारी, मी असल्या माणसांपासून चार हात लांब उभा राहतो. रबर नवीन घ्याल तर रीड ब्लॉकचं (जॉइंटच्या मागचा, हवा एकाच दिशेने सोडणाऱ्या पात्यांचा भाग) पॅकिंगही त्याच वेळी बदला, तसंही तिथपर्यंत उघडलंच आहे.

एवढं करूनही लटकत असेल तर क्रँकची सील. डाव्या बाजूला मॅग्नेटकडचं सील गेलं तर हवा ओढतं, वर सांगितलेलं सगळं होतं. उजव्या बाजूला क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल ओढतं, मग धूर दाट येतो, प्लग तेलकट काळा होतो आणि गिअर ऑइलची लेव्हल कुठेही गळती न दिसता कमी होते. दोन्ही जोडीने बदलायची असतात. आणि मूळ कार्ब फेकला नसेल तर तोच परत लावा, लोकल कार्बमध्ये जेट कोणत्या नंबरचा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. वडिलांची गाडी आहे, नीट करा आणि ठेवा, १९९६ नंतर ती बनलेलीच नाही.

प्रश्न: पल्सर १५०, जुनी ट्विन प्लगवाली. स्लोवर घरघर करते, हलकी मिसिंग, पण वर गेली की ओके. प्लग नवीन टाकला. (नाशिक रोड)

उत्तर: "प्लग नवीन टाकला", एकच ना? तिला दोन आहेत. एका बाजूचा सहज दिसतो म्हणून तो प्रत्येक सर्व्हिसला बदलला जातो आणि दुसऱ्या बाजूचा कित्येक वर्षं कोणी बघितलेलाच नसतो, त्याच्याभोवती माती साचून पार घट्ट बसलेला असतो. दोन्हींना वेगळी कॉइल आहे, त्यामुळे एक पूर्ण मेला तरी गाडी चालते, फक्त स्लो बिघडतो आणि ॲव्हरेज पडतो. तपासायला गाडी बंद करून एका प्लगची कॅप काढा, त्या कॅपमध्ये जादा प्लग घालून तो इंजिनच्या धातूला टेकवून बांधा (कॅप हवेत लटकत ठेवून चालवू नका, कॉइल जाऊ शकते), मग चालू करा. मग तेच दुसऱ्या बाजूने. जी कॅप काढल्यावर काहीच फरक पडला नाही तो प्लग, कॅप किंवा कॉइल आधीच कामावर नव्हती. जुना प्लग काढण्यापूर्वी भोवतीची माती हवेने उडवून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

प्रश्न: सर, स्लोचा स्क्रू आणि हवेचा स्क्रू यातला फरक सांगा आणि घरी ट्यूनिंग कसं करायचं ते पण. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. (सांगली)

उत्तर: स्लोचा स्क्रू मोठा, बहुतेक वेळा स्प्रिंगवाला, हाताने फिरणारा. तो फक्त थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) किती उघडा राहील ते ठरवतो. दुसरा बारीक, आत दडलेला, तो हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवतो. यूट्यूबवर भांडण होतं ते या दुसऱ्यावरून, कारण तो दोन प्रकारचा असतो. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. म्हणजे दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर सांगत असतात.

पद्धत दोन्हीला एकच. आधी फिल्टर साफ, प्लग साफ, टॅपेट बरोबर, केबलला थोडा ढिलेपणा, हे नसेल तर ट्यूनिंगला हातच लावू नका. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. चोक काढलाय ना बघा, हसू नका, बरीच प्रकरणं तिथेच संपतात. स्लो जरा वर ठेवा. आता बारीक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, टेकला की थांबा, आवळला तर त्याचं टोक आणि भोक दोन्ही खराब होतं. तिथून साधारण दोन फेरे बाहेर. मग पाव-पाव फेरा आत-बाहेर करत जा आणि प्रत्येक वेळी इंजिनला चार-पाच सेकंद द्या. एका जागी आरपीएम सगळ्यात वर आणि आवाज सगळ्यात गोल मिळेल. ती जागा. मग मोठ्या स्क्रूने स्लो खाली आणा, १०० सीसी गाडीला १४०० च्या आसपास. मीटर नसेल तर कान वापरा, आरसे थरथरायचे थांबले आणि हेडलाइट मंद होत नाही इतपत.

स्क्रू पूर्ण आत गेल्यावरही गाडीवर काही परिणाम होत नसेल, किंवा चार-पाच फेरे बाहेर काढल्यावरच बरी वाटत असेल, तर ट्यूनिंग थांबवा. आत जेट चोंदलाय किंवा हवा शिरतीये, वरची परळची आणि कोल्हापूरची उत्तरं वाचा. शेवटी आठवडाभर चालवून प्लग काढून बघा. चॉकलेटी म्हणजे जमलं, काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

प्रश्न: माझी बाइक २०२१ ची बीएस ६, फ्युएल इंजेक्शन. मी रोज ठाण्याहून ऐरोलीला जाते. गेले दोन महिने ट्रॅफिकमध्ये रेस सोडली की आरपीएम एकदम खाली जातो, कधी सावरतो कधी गाडी बंद. लाइट काही लागत नाही. सर्व्हिस सेंटरला स्कॅन केलं, काही एरर नाही, पण थ्रॉटल बॉडी बदला म्हणाले आणि आकडा ऐकून मी घरी आले. बाहेरच्या मेकॅनिकला दाखवलं तर तो म्हणाला स्लोचा स्क्रू सापडत नाही. (ठाणे)

उत्तर: बरं झालं सापडला नाही. इंजेक्शनच्या गाडीत स्लो ईसीयू (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) सांभाळतो, आणि थ्रॉटल बॉडीवर जो रंगाची खूण केलेला स्क्रू असतो तो कंपनीत सेट होतो, तो हलवला की सेन्सरचं शून्यच चुकतं आणि मग खरी कटकट सुरू होते. मेकॅनिकला सांगून ठेवा की त्या स्क्रूला हात लावायचा नाही.

एरर नाही याचा अर्थ सेन्सर तुटलेला नाही एवढाच. घाण एररमध्ये दिसत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीत थ्रॉटलच्या पाकळीभोवती काळा कार्बनचा कडा जमतो, आणि स्लोवर हवा तिथूनच जरा-जराशी जात असते, किंवा बाजूच्या बारीक वाटेने. ती कोंडली की ईसीयू सावरायला बघतो, कधी जमतं कधी नाही, तेच तुम्हाला जाणवतंय. बदलायच्या आधी साफ करून घ्या. थ्रॉटल बॉडी क्लीनर कपड्यावर मारून पाकळीची कड आणि भिंत पुसायची, सेन्सरवर स्प्रेचा फवारा नाही, पाकळी स्क्रू ड्रायव्हरने उचकायची नाही. नंतर कंपनीच्या पद्धतीने आयडल रीसेट करून घ्यायचा, प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, ते सर्व्हिस सेंटरलाच करा. त्याच फेरीत एअर फिल्टर.

आणि बॅटरी. कार्बवाल्या जुन्या गाड्यांत बॅटरी मेली तरी बऱ्याच गाड्या किकवर चालायच्या, इथे पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळे तिच्यावर जगतात. बंद गाडीत साधारण १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू गाडीत रेसवर १३.५ ते १४.५ च्या मध्ये पाहिजे. कमी असेल तर आधी टर्मिनल घासा, मग पुढचं. एक अजून बघा, गाडी चाचपडत मरते की पटकन दिवा विझल्यासारखी कट होते? कट होत असेल तर साइड स्टँडचा स्विच तपासा, पावसात तिथे चिखल बसतो आणि गाडीला वाटतं स्टँड खाली आहे. ते धुऊन निघतं, आकडा ऐकायची वेळ येत नाही. साफसफाई, बॅटरी, स्विच हे सगळं झाल्यावरही तेच राहिलं तर पेट्रोलचं प्रेशर मोजायला सांगा आणि ते बरोबर निघालं तरच थ्रॉटल बॉडीच्या खर्चाचा विचार करा.

प्रश्न: क्लासिक ३५०, २०१६ ची. मित्राने स्लो कमी करून दिला, काय डुगडुग येतंय राव, एक नंबर! पण आता कधीकधी सिग्नलला बंद पडते आणि सकाळी सेल्फ मारत नाही. (पुणे, सिंहगड रोड)

उत्तर: डुगडुग ऐकायला गोड आहे हे मान्य. पण ऑइल पंप इंजिनच्याच जिवावर फिरतो, इंजिन जितकं हळू तितकं तेल कमी, आणि तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते तर तेलाच्या प्रेशरवरच उभे असतात. स्लो फार खाली नेला की वरून टकटक यायला लागते आणि लोक म्हणतात टॅपेट सेट करून द्या, त्यात सेट करायला काही नसतं. सेल्फचं पण कारण तेच, इतक्या कमी आरपीएमला चार्जिंग जवळजवळ होतच नाही आणि ट्रॅफिकमध्ये हेडलाइट लावून डुगडुगत बसलात की बॅटरी रिकामी. मॅन्युअलमधला आकडा बघा, हजाराच्या आसपास आहे, तिथे आणून ठेवा. सायलेन्सर बदललाय का ते लिहिलं नाही तुम्ही, पण बदलला असेल आणि रेस सोडल्यावर मागे फटफट फुटत असेल तर मिश्रण पातळ झालंय किंवा सायलेन्सरच्या गळ्यातून गळतंय. ओरिजिनल लावा. पोलीस असल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात त्याचे फोटो तुम्ही पण पाहिले असतील.

प्रश्न: सातारहून महाबळेश्वरला गेलो की कार्बवाल्या गाडीचा स्लो पडतो, खाली आलो की ठीक. बिघाड आहे का? (सातारा)

उत्तर: नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ, जेट तोच, म्हणून मिश्रण जाड होतं. वर असेपर्यंत स्लो जरासा वाढवा, खाली आल्यावर परत जागेवर. स्क्रू आवळून घेणं मला चालतं अशी ही एकच जागा. लडाखला निघणाऱ्यांनी मात्र जपून, लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे नुसत्या स्लोने भागत नाही, मिक्श्चर स्क्रूही हलवावा लागतो. इंजेक्शनवाल्यांना ही चिंता नाही, ईसीयू हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो.

प्रश्न: २०-२५ च्या स्पीडला गाडी झटके मारते, कार्ब दोनदा साफ केला. (नगर)

उत्तर: उभ्या गाडीत न्यूट्रलला स्लो एकसारखा आहे का? असेल तर कार्बला तिसऱ्यांदा त्रास देऊ नका. चेन हाताने वरखाली करून बघा, दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ढिली आहे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, एका जागी घट्ट आणि एका जागी ढिली असेल तर चेन-स्प्रॉकेट किट गेलं. मागच्या ड्रममधले रबर पण झिजतात, स्प्रॉकेट धरून पुढेमागे हलवा, खटखट खेळत असेल तर बदला, स्वस्त वस्तू आहे. आणि २० ला तिसऱ्या गिअरमध्ये असाल तर दुसरा टाका की राव.

प्रश्न: पावसाळ्यात सकाळी गाडी पहिली पाच मिनिटं मिसिंग करते, मग ठीक. उन्हाळ्यात काहीच नाही. (फोंडा, गोवा)

उत्तर: प्लगची कॅप आणि तिची वायर. ओलावा धरला की करंट प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच इंजिनवर उडी मारतो, इंजिन तापून ओल सुकली की मिसिंग बंद. रात्री अंधारात गाडी चालू करून कॅपभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा, हात मात्र लांब ठेवा, निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर कॅप बदला. वायरला भेगा असतील तर तीही. वायर लांबीला पुरत असेल तर जुनं टोक अर्धा सेंटीमीटर कापून नवीन कॅप त्यात पिळून बसवा, हिरवं पडलेलं तांबं निघून जातं. कॅपच्या रबरात थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.